बायसेक्शनचा लूप थांबतच नाही, कुठली पद्धत वापरू?

घातांक:
क्ष² − १०,००,००,००० क्ष + १ = ० हे समीकरण डबलमध्ये (संगणकातल्या मर्यादित अंकांच्या दशांश संख्यांत) सोडवतोय. मोठ्या मुळासाठी बायसेक्शन (मूळ ज्या अ आणि ब च्या मधे आहे ते अंतर दर फेरीला निम्मं करणं) लावलं, अ = ९ कोटी, ब = ११ कोटी, टॉलरन्स, म्हणजे ब − अ किती लहान झालं की थांबायचं ते, १० चा −१० वा घात. ब − अ हे ०.०००००००१४९ वर अडकलं आणि लूप रात्रभर फिरत राहिला. लहान मूळ शाळेतल्या सूत्रानं ०.००००००००७४५ आलं. मुळांचा गुणाकार १ यायला हवा, येतोय ०.७४५. न्यूटन-राफ्सन (स्पर्शिकेच्या आधारे मुळाकडे सरकणारी पद्धत) घेऊ की जास्त अंकांची लायब्ररी?

अवकल:
बायसेक्शनचा दोष नाही. डबलला ५३ बिट, म्हणजे साधारण १५-१६ सार्थ अंक. १० कोटींच्या जरा खाली लागोपाठच्या दोन डबलमधलं अंतरच ०.०००००००१४९ आहे. अ आणि ब शेजारी येऊन बसले की मधे संख्याच उरत नाही, मध्यबिंदू गोल होऊन पुन्हा अ किंवा ब होतो. मध्यबिंदू टोकाइतकाच आला की थांबा, अशी अट घाला. टॉलरन्स मुळाच्या आकाराच्या प्रमाणात ठेवा.

लहान मुळाचं दुखणं वेगळं. १० कोटींतून जवळजवळ १० कोटीच वजा करताय. जुळणारे अंक कटतात, उरते ती गोल करतानाची चूक. १ ला मोठ्या मुळानं भागा, झालं.

तिरपी_रेघ:
सहमत, पण फलन कसं लिहिलंय? क्ष*क्ष − १० कोटी*क्ष + १ असेल तर जपून. १ वर १६ शून्यांच्या घरात डबल दोन-दोनच्या टप्प्यानं चालतात. १० कोटींच्या लगेच खालच्या डबलला किंमत −०.४९ हवी, मिळते +१. चिन्हच उलटलं, बायसेक्शन चुकीच्या बाजूला वळणार. न्यूटनलाही हेच फलन मिळणार, त्यामुळे पद्धत बदलून काही होणार नाही. क्ष*(क्ष − १० कोटी) + १ असं लिहा, कंसातली वजाबाकी अचूक होते.

घातांक:
दोन्ही केलं. पन्नासेक फेऱ्यांत थांबला, गुणाकारही १ आला. मनापासून आभार! मग लायब्ररी कधी लागते?

अवकल:
सहगुणक अचूक माहीत असतील आणि समीकरणच नाजूक असेल, म्हणजे सहगुणक किंचित बदलला तरी मुळं खूप हलत असतील, तेव्हा. विल्किन्सनचं २० घाताचं बहुपद घ्या, मुळं १ ते २०. क्ष¹⁹ च्या सहगुणकातून, म्हणजे −२१० मधून, २ चा −२३ वा घात वजा केला की १० मुळं संमिश्र होतात. सहगुणक मोजमापातून आलेले असतील तर पन्नास अंक घेऊनही तिथे उपयोग नाही.