जीआरईचे शब्द: कार्डावर मराठी अर्थ लिहावा की नाही?

घंटाळीकर
ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, जीआरई ही परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देणाऱ्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच लिहा, मध्ये मराठी आणू नका. मला तो पटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांचं त्याने नुकसानच होतं.

'पार्सिमोनिअस' आणि 'फ्रुगल' यांच्या इंग्रजी व्याख्या पाठ करणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच वाटतात, कारण दोन्हीकडे खर्च कमी करणं आहेच. पण काटकसरी ('फ्रुगल') कोण आणि चिक्कू ('पार्सिमोनिअस') कोण, हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात नाही. 'व्हॅसिलेट' म्हणजे तळ्यात-मळ्यात करणं, 'प्रिव्हॅरिकेट' म्हणजे उडवाउडवीची उत्तरं देणं, 'बॉम्बॅस्टिक' म्हणजे शब्दबंबाळ, 'ऑफिशस' म्हणजे लुडबुड्या. 'परफंक्टरी'ला तर 'पाट्या टाकल्यासारखं' याहून नेमका अर्थ मिळणार नाही.

या छटेवरच गुण जातात. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकारात एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे असतात. एक बरोबर आणि एक चूक आला तर शून्य, अर्धा गुण नाही.

म्हणून कार्ड असं करा: पुढे इंग्रजी शब्द. मागे मराठी अर्थ, शब्द स्तुतीचा असेल तर अधिक आणि निंदेचा असेल तर उणे अशी खूण, आणि खाली तो शब्द वापरलेलं एक पूर्ण इंग्रजी वाक्य. वाक्य गाळलंत तर कार्ड अर्धवट राहतं.

रबाळे लोकल
घंटाळीकर, तुम्ही सोपे शब्द निवडलेत. परीक्षेत पाडतात ते वेगळेच, आपण मराठी बोलताना रोज वापरतो ते.

'लोन सँक्शन झालं' हे कानात इतकं बसलंय की 'सँक्शन' म्हणजे निर्बंध किंवा शिक्षाही, हे सुचतच नाही. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं एवढंच डोक्यात असतं. उताऱ्यात लेखक स्वतःचं विधान क्वालिफाय करतो, तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो. 'चेक' म्हणजे आळा घालणं, 'ॲरेस्ट' म्हणजे वाढ किंवा प्रक्रिया थांबवणं, 'टेंपर' म्हणजे सौम्य करणं, 'वाँट' म्हणजे उणीव. 'डिसइंटरेस्टेड' न्यायाधीश कंटाळलेला नसतो, तो निःपक्षपाती असतो. हे शब्द 'येतात' म्हणून कोणी त्यांची कार्डंच करत नाही.

दुसरं, वेळ. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली. व्हर्बलच्या, म्हणजे इंग्रजी भाषेच्या, पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट, आणि उतारे वाचायला वेळ राखायचा तर रिकाम्या जागांचा प्रश्न मिनिटभरात हातावेगळा करावा लागतो. तिथे मराठीला वळसा घालून कसं चालेल?

घंटाळीकर
वळसा शिकताना असतो, परीक्षेत नाही. कार्ड पाच-सहा वेळा फिरलं की मराठी शब्द आपोआप गळतो आणि इंग्रजी शब्दाची चव तेवढी उरते. ओळखीच्या शब्दांचा मुद्दा मात्र मान्य. त्यांची वेगळी गड्डी हवी.

कोपरी पूल
दोघेही शब्दांतच अडकला आहात. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजी (शब्दजोडीतलं नातं ओळखणं) हे प्रकार काढून टाकले. सुटा शब्द विचारणं तेव्हाच संपलं. तरी साडेतीन हजार शब्दांच्या याद्या अजून झेरॉक्स होऊन फिरतात, याचं वाईट वाटतं. आता व्हर्बलचा जवळजवळ निम्मा भाग उताऱ्यांवर आहे. उरलेल्यासाठी नीट येणारे हजारेक शब्द अर्धवट येणाऱ्या तीन हजारांपेक्षा जास्त उपयोगी.

वाक्य आधी सोडवा, पर्याय नंतर बघा. मराठीत करून बघा: 'तिची टीका वरवर ____ वाटली, तरी प्रत्येक वाक्याला धार होती.' 'तरी' दिसताच रिकाम्या जागेत धारेच्या उलट काहीतरी हवं हे ठरलं. मनात 'मवाळ' म्हणा आणि मगच पर्यायांकडे जा. उलट क्रमाने जाणारा फसतो, कारण सहा पर्यायांत समानार्थी असूनही वाक्यात न बसणारी एक जोडी मुद्दाम ठेवलेली असू शकते. नुसते समानार्थी शोधणारा थेट तिच्यावर जातो. तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नातही तिन्ही बरोबर हव्यात, नाहीतर काहीच नाही. जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या 'पॉवरप्रेप' नावाच्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत. त्यांतली प्रत्येक चूक शब्द न आल्याने झाली की वाक्य न कळल्याने, हे वहीत लिहा. औषध त्यावर ठरतं.

तुर्भे जंक्शन
लॅटिन धातूंबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याला ते जवळचे आहेत: 'नोव्हिस'मधला नव, 'रेज्युव्हिनेट'मधला युवा, 'पेड' (पाय) या धातूमधलं पद. 'इम्पीड' म्हणजे पाय अडकवणं, 'एक्सपिडाइट' म्हणजे पाय मोकळा करणं. ही जोडी एकदा कळली की विसरत नाही. पण धातूवरून अर्थाचा अंदाज बांधू नका. 'पेडेस्ट्रिअन' परीक्षेत विशेषण म्हणून येतो तेव्हा त्याचा अर्थ सपक. 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जीसारखा, अर्थ गलितगात्र करणं. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे.

आणि उजळणीचा हिशेब करा. अँकी या कार्डांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये रोज २० नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत रोजची उजळणी साधारण दीडशे ते दोनशेवर जाते. कार्डाला आठ सेकंद धरले तर दीडशे कार्डांना २० मिनिटं, ठाणे–वाशी लोकलच्या एका फेरीत बसतात. ४० नवी घेणाऱ्याचा थकलेला ढीग तिसऱ्या आठवड्यात एवढा होतो की तो ॲप उघडणंच सोडतो. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच', म्हणजे जळू, ठरवून बाजूला काढतं. ते तसंच परत आणू नका, नवं वाक्य घालून पुन्हा करा. 'इंजीनिअस' (कल्पक) आणि 'इंजेन्युअस' (भाबडा) असे दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी शिकू नका, दोन्ही कायमचे गुंततात. परीक्षेला तीन आठवडे उरले की नवी कार्डं बंद, फक्त उजळणी.

रबाळे लोकल
हे सगळं मान्य, पण मूळ प्रश्न तसाच आहे. घंटाळीकर, 'क्वालिफाय'च्या कार्डामागे कुठला मराठी अर्थ लिहाल? 'मर्यादा घालणं' लिहिलंत तर 'क्वालिफाइड प्रेझ' आली की पोरगा अडणार.

घंटाळीकर
एक कार्ड नाही, तीन. 'पात्र ठरणं', 'विधानाला मर्यादा घालणं', आणि 'क्वालिफाइड प्रेझ'साठी 'हातचं राखून केलेली स्तुती'. या गड्डीत मात्र पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य लिहायचं.

रबाळे लोकल
वाक्य पुढे आलं की अर्थ तेच सांगतं. मग मागे मराठी कशाला?

घंटाळीकर
आपण वाक्य बरोबर वाचलं की नाही, हे ताडून बघायला.