आईची जुनी कंबरदुखी आणि मेंदू: तिला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची. चार वर्षांपूर्वी कळशी उचलताना कंबरेत उसण भरली आणि दुखणं तिथेच मुक्कामाला राहिलं. एमआरआयमध्ये एल४-एल५ची गादी जराशी बाहेर आलेली दिसते, पण ऑपरेशन नको असं दोघा हाडांच्या डॉक्टरांचं मत. शेक, पट्टा, फिजिओ, पंचकर्म सगळं झालं. मागच्या महिन्यात वेदनातज्ज्ञ म्हणाले, "दुखणं आता मेंदूतही मुरलंय," आणि डुलॉक्सेटिन लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ही डिप्रेशनची गोळी." झालं! आईने दोन दिवसांत ती बंद केली. वर आत्याचं, "वहिनी, मनाचे खेळ असतात हे." त्या रात्री आई जेवली नाही.

तेव्हापासून मी वाचतेय. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आपकारियन यांच्या गटाने नुकती पाठ धरलेल्या लोकांचे मेंदू वर्षभर पुन्हापुन्हा स्कॅन केले (२०१२). ज्यांचं दुखणं पुढे टिकलं, त्यांच्या मेंदूत कपाळामागचा एक भाग आणि न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स यांचं एकमेकांशी सूत पहिल्यापासूनच जास्त जुळलेलं होतं. न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स म्हणजे कशाची ओढ लागावी, काय टाळावं हे शिकणारा भाग. त्याच गटाला पुढच्या वर्षी असंही दिसलं की दुखणं जुनं झालं की ते भावनांच्या जाळ्यात जास्त उमटतं. आईची चिडचिड, पहाटे तीनला जागं होणं, देवळात जाणंही सोडणं... हे वाचताना मला रडू आलं. आम्ही तिला किती बोललो त्यावरून.

धीर देणारी गोष्ट मॉन्ट्रियलची. तिथे २०११च्या अभ्यासात पाठीवर उपचार झालेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर मेंदूचा पातळ झालेला एक भाग परत जाड झाला होता. म्हणजे हे बदल माघारी फिरू शकतात.

हे तिला कुठल्या शब्दांत सांगू? "मेंदू" म्हटलं की तिला "वेडी" ऐकू येतं. तुमच्या घरी कुणाला हे पटवून देता आलं का? कोलोरॅडोतल्या १५१ जणांच्या चाचणीत वेदनेकडे बघण्याची रीत बदलणाऱ्या चार आठवड्यांच्या उपचाराने त्या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळपास गेलं. असं काही पुण्यात किंवा ऑनलाइन, मराठीतून कुणी करतं का? आईला इंग्रजी येत नाही.

तेलं, पट्टे कृपया सुचवू नका. शनिवारी वेदनातज्ज्ञांची पुन्हा वेळ घेतली आहे, त्याआधी मला तिच्याशी बोलायचंय.