सळईवरचे कव्हर आणि डिझाइनचा विषय

आरसीसी (सळया घातलेले काँक्रीट) डिझाइनचा विषय अभियांत्रिकीच्या मुलांना विनाकारण छळतो, पुढे नोकरीत सगळे सॉफ्टवेअरच करते आणि गटाच्या कामात एकटाच राबतो, अशी तक्रार केली जाते. छळाबद्दल माझे दुमत नाही. शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा जेटीचा (बोटींच्या धक्क्याचा) आराखडा सरांनी तीन वेळा परत केला आणि तिसऱ्यांदा तर कारणही सांगितले नाही. ते आम्हीच शोधले: भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खांबांना आम्ही घराच्या कॉलमसारखे ४० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, दिले होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची २००० सालची आवृत्ती तिथे ७५ मिलिमीटर कव्हर आणि किमान एम ४० प्रतीचे काँक्रीट मागते, कारण खारे पाणी आत झिरपले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटून त्याच्या खपल्या पडू लागतात. किनाऱ्यावरच्या जुन्या स्लॅबखाली उभे राहिल्यास हे कोणालाही दिसेल.

सॉफ्टवेअर आकडेमोड चोख करते, पण बांधकाम कोणत्या वातावरणात उभे राहणार हे त्याला अभियंत्यानेच सांगावे लागते.

आज मी रत्नागिरीत साइटवर तपासणी करतो. कव्हर ब्लॉकऐवजी (कव्हर राखण्यासाठी सळईखाली ठेवायचे ठोकळे) सळईखाली खडी सरकवलेली दिसली, की स्लॅब भरण्याआधी ती काढायला लावण्याचा ठामपणा मला त्या परत आलेल्या शीटांनी दिला. (गुण मात्र बेताचेच पडले.) गटात एकाने राबायचे आणि चौघांनी सह्या करायच्या, ही तक्रार मात्र रास्त आहे, त्यासाठी तोंडी परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी.