शासकीय वसतिगृहांना नाचणीचे पदार्थ पुरवायचे असल्यास लहान गटाने कोठून सुरुवात करावी?

प्रश्न
अकोले तालुक्यातील आमचा महिला बचत गट नाचणीचे पीठ आणि लाडू तयार करतो. नाचणी येथील डोंगरउतारावरच पिकते आणि आश्रमशाळांत शिकणारी मुलेही याच गावांची आहेत, त्यामुळे हा माल त्यांच्या ताटात जावा असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र निविदेत वर्षभराचा सगळा किराणा एकत्र मागवला जातो आणि तीन वर्षांच्या उलाढालीची अट आमच्या आवाक्याबाहेर असते. आमची अन्न सुरक्षा नोंदणी झालेली आहे. पुढे काय करावे?

उत्तर १
ताई, प्रथम गटाच्या नावाने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय विभागांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे, आणि अशा उद्योगांना बयाणा रक्कमही (निविदेसोबतची अनामत) भरावी लागत नाही.

उत्तर २
वरील माहिती बरोबर आहे, परंतु ते धोरण केंद्राच्या खरेदीचे आहे आणि आश्रमशाळांची खरेदी राज्याच्या नियमांनी होते, हे ध्यानात घ्यावे. माझ्या मते खरा अडसर निविदेच्या आकाराचा आहे. पीठ, लाडू, तेल आणि साबण एकाच निविदेत बांधले की ती फक्त मोठा व्यापारीच भरू शकतो. म्हणून निविदापूर्व बैठकीत, नाचणीचे पदार्थ वेगळे काढून तालुकानिहाय दर मागवावेत, अशी लेखी मागणी करा. अंगणवाड्यांच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातील बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील बचत गटांच्या प्रकरणातही त्यांचीच बाजू उचलून धरली. ते आदेश अंगणवाड्यांपुरते असले, तरी मागणीपत्रात त्यांचा उल्लेख अवश्य करावा. तोवर ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी निविदा न काढता दरपत्रकांवर होते. एखाद्या वसतिगृहाच्या गृहपालांना भेटून तेथे दरपत्रक द्या, म्हणजे पुरवठ्याचा पहिला दाखला हाती येईल.

उत्तर ३
पैशाचे गणित आधी मांडा. नाचणी सुगीत रोखीने विकत घ्यावी लागते, शासकीय देयक मात्र अनुदान येईपर्यंत अडकून राहते, आणि लहान गट अशा वेळी गुणवत्तेत कमी नसतानाही मोडतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागू होते आणि केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. माल दिल्यावर पोच सही-शिक्का व तारखेसह घ्या, कारण मुदत तेथूनच मोजली जाते.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे आभार. एका वसतिगृहापासून सुरुवात करू. लाडू किती दिवस टिकतात याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेऊन तो अहवाल दरपत्रकासोबत जोडला, तर उपयोग होईल का?

उत्तर २
अवश्य जोडा. पाकिटावर उत्पादनाची तारीख, तुकडी क्रमांक व अन्न नोंदणी क्रमांकही छापा.