सहा तासांत घेतलेली सही संमती मानायची का?

मीरा_माहीम

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर त्याला थंड ठेवण्याचा एक उपचार आहे. तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. म्हणजे अशा बाळाला या उपचाराच्या चाचणीत घ्यायचं तर पालकांची सहीही त्याच सहा तासांत हवी. आई नुकतीच सिझरच्या टेबलावरून आलेली, बाप औषधं आणायला वरखाली पळतोय, आणि त्याच्या हातात कागद येतो.

हेलिक्स नावाची ही चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत झाली. मुंबई पालिकेचं आपलं सायन हॉस्पिटल त्यातलं एक. एकूण ४०८ बाळं होती. कोणाला थंड करायचं आणि कोणाला नेहमीचे उपचार द्यायचे, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं. थंड करायच्या बाळांचं तापमान ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवलं. २०२१ साली निकाल छापून आला : थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात ३१ टक्के. श्रीमंत देशांत हाच उपचार जीव वाचवतो म्हणून रुळलेला आहे.

डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रश्न सहीचा आहे. माझ्या नणंदेचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं तेव्हा आमच्याकडूनही एका अभ्यासासाठी सही घेतली होती. (हॉस्पिटल आणि अभ्यास दोन्ही वेगळे.) आम्ही ती केली, कारण वाटलं की नाही म्हटलं तर बाळाकडे लक्ष देणार नाहीत. तसं कोणी म्हणालं नव्हतं. पण आमच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

म्हणून माझं मत : नवजाताच्या तातडीच्या चाचणीत, उपचार करणाऱ्या चमूबाहेरचं कोणीतरी पालकांजवळ बसून समजावणार असेल तरच सही घ्यावी. तसं माणूस नसेल तर त्या बाळाला घेऊ नये. चाचणीला दोन वर्षं जास्त लागली तर लागू देत.

निओ_रेसिडेंट

मीराताई, तुमची भीती खरी आहे. पण तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

हेलिक्सच्या आधी आपल्याकडच्या अनेक एनआयसीयूंत (नवजातांच्या अतिदक्षता विभागांत) बाळांना थंड करणं सुरू झालंच होतं. कुठे जेलच्या पिशव्या, कुठे स्वस्तातली यंत्रं. ते चाचणी म्हणून नव्हे, 'उपचार' म्हणून चालायचं. त्या पालकांना चिठ्ठी नव्हती आणि तिसऱ्या कोणाची देखरेखही नव्हती. आपल्या बाळांना यातून अपाय होऊ शकतो हे चाचणी झाली म्हणून कळलं. निकाल का असा आला, इथल्या बाळांच्या मेंदूची इजा वेगळ्या प्रकारची आहे का, यावर अजून वाद आहेत. पण निदान वाद घालायला आकडे आहेत.

मागे जाऊन बघा. १९४० च्या दशकात अमेरिकेत मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना भरपूर प्राणवायू देणं ही उत्तम काळजी मानली जायची. जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली. प्राणवायू बेतानं देऊन पाहणारा एक अभ्यास वॉशिंग्टनच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात सुरू झाला, तेव्हा सिस्टर्स रात्री गुपचूप प्राणवायू वाढवायच्या, कारण त्यांना वाटायचं या बाळांवर अन्याय होतोय. पुढे १९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि दोषी प्राणवायूच ठरला. नंतर १९५९ साली कळलं की क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा नवजाताच्या यकृताला करता येत नाही, ते अंगात साठतं आणि बाळ राखाडी पडून जातं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचंही तेच. १९९० च्या दशकात फुप्फुसांसाठी सढळ हातानं दिलं, मग लक्षात आलं की त्यातून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारं अपंगत्व, वाढतं.

या बाळांच्या आईबापांची सही कोणी घेतली होती? आजही आम्ही एनआयसीयूत रोज वापरतो त्यातली कितीतरी औषधं नवजातांवर कधी नीट तपासलेलीच नाहीत. मोठ्यांचा डोस किलोवर भागून द्यायचा. तुम्ही चाचण्यांची वाट अरुंद केलीत तर हे थांबणार नाही, फक्त नोंद न होता चालू राहील.

कुर्ला_पूर्व

सगळं ठीक. पण चाचणी दर वेळी पालिकेच्याच हॉस्पिटलात का? पेडर रोडच्या श्रीमंतांच्या बाळाची चिठ्ठी का निघत नाही?

निओ_रेसिडेंट

कारण ही आजारी बाळं इथे येतात. ठाणे-पालघरपासून रेफर होऊन येतात. ज्यांच्यासाठी उत्तर हवंय त्यांच्यावरच अभ्यास करावा लागतो. इंग्लंडमधल्या बाळांचा निकाल इथे तसाच लागू पडत नाही, हेच तर हेलिक्सनं दाखवलं.

कुर्ला_पूर्व

मला हे उत्तर पुरत नाही. आजारी बाळं इथे येतात हे खरं. पण इथल्या आईला दुसरं हॉस्पिटल परवडत नाही हेही खरं. जिला उठून दुसरीकडे जाता येतं, तिच्या 'हो'ला वजन असतं.

वकील_दादर

कुर्ला_पूर्व यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही नेमका आहे. खम्मम आठवा. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला. सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता असं चौकशीत निघालं, आणि ते मी मान्य करतो, उगाच लसीला बदनाम करायचं नाही. पण संमतीपत्रं पाहिली तर कितीतरी ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली असूनही संमती खोटी असू शकते. डॉक्टरसाहेब, तुम्ही 'निकाल उपयोगी पडला' असं म्हणून 'सही खरी होती का' या प्रश्नाला बगल देताय. हे दोन वेगळे खटले आहेत.

परळचा_बाप

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, लहान मुलांत जास्त आढळणारा एएलएल. परळला टाटा हॉस्पिटलात उपचार झाले. आता ती आठवीत आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्या कोणालाही विचारा, 'प्रोटोकॉल' हा शब्द तिथल्या आजीलाही पाठ असतो. तो प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला क्रम, कुठून आला? १९६० च्या सुमारास हा आजार झालेली दहातली एक-दोन मुलंसुद्धा वाचत नव्हती. आज चांगल्या केंद्रांत बहुतेक वाचतात. मधल्या काळात एकच एक जादूचं औषध निघालं असं झालेलं नाही. जुनीच औषधं कोणती, किती आणि कधी, हे एकामागून एक चाचण्या करून ठरत गेलं, आणि दर चाचणीत कोणाच्या तरी आईबापांनी सही केली होती.

आणखी एक सांगतो, कारण 'प्रयोग' म्हटलं की लोकांना वाटतं जास्तीचं विष टोचणार. भारतातल्या मोठ्या केंद्रांनी मिळून आइसिकल नावाची चाचणी केली, टाटाही त्यात होतं. त्यातला एक प्रश्न असा होता : कमी धोक्याच्या लहान मुलांना सुरुवातीचं स्टेरॉइड पाच आठवडे द्यायचं की तीन आठवडे पुरेल? आपल्याकडे उपचार चालू असताना जंतुसंसर्गानं मुलं जातात, म्हणून औषध कमी करून चालेल का हे शोधत होते. हा प्रश्न परदेशातलं कोणी आपल्यासाठी सोडवणार नव्हतं.

मीरा_माहीम

दादा, मुलगी बरी झाली हे वाचून फार बरं वाटलं. तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण तुम्हाला विचार करायला दिवस मिळाले. तुम्ही धर्मशाळेत चार पालकांना विचारलंत, गावी फोन केलात. सात वर्षांवरच्या मुलाला तर त्याला कळेल असं सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. सहा तासांचं बाळ आणि त्याची अर्धवट शुद्धीतली आई यांच्याकडे यातलं काहीच नसतं. माझा धागा तेवढ्यापुरताच आहे.

एसएमए_आई

माझा मुलगा एसएमएचा, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. सोळा कोटींचं इंजेक्शन म्हणून बातम्यांत येतो तोच आजार. तुम्ही इथे सही करावी का यावर बोलताय. आम्ही दोन वर्षं शोधत होतो की सही करायला जायचं कुठे.

या आजारावरचं पहिलं औषध, नुसिनर्सेन, बाळांवर तपासलं तेव्हा तीनातल्या दोघांना औषध दिलं आणि तिसऱ्याच्या पाठीला नुसती सुई टोचली, औषध दिल्याचा भास व्हावा म्हणून. ऐकायला क्रूर वाटतं. मला आजही वाटतं. पण त्या तुलनेमुळेच फरक इतका ठळक दिसला की २०१६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवून उरलेल्या बाळांनाही औषध सुरू केलं. त्या तिसऱ्या गटातल्या आयांची मी रोज आठवण काढते. मला कोणी त्यांच्या जागी उभं केलं असतं तरी मी सही केली असती. शुद्धीत, नीट समजून.

'चाचण्या हळू होऊ देत' हे लिहिताना मीराताईंनी आमच्यासारख्यांचा विचार करावा. दोन वर्षं म्हणजे आमच्याकडे एक मूल.

समितीतली_बाई

मी मुंबईतल्या एका एथिक्स कमिटीवर (चाचण्या तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर) वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती म्हणून बसते. २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. गंभीर काही घडलं तर संशोधकाला २४ तासांत कळवावं लागतं. चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत तिची नोंद हवी, ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. शिवाय मोठ्या चाचण्यांत एक स्वतंत्र मंडळ मधले आकडे तपासत असतं. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवण्याची कांगारू चाचणी घ्या. भारतासह पाच देश, ३२११ बाळं. नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं जात होती, लगेच छातीशी घेतलेल्यांत १२. मंडळानं ती मध्येच थांबवायला लावली, कारण उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं आता चूक ठरलं असतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारसच बदलली.

हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी. आम्ही टेबलावर बसून फॉर्म वाचतो. भाषा सोपी करायला लावतो, पानं कमी करायला लावतो. तो फॉर्म रात्री दोन वाजता वॉर्डात कसा वाचला जातो, हे क्वचितच बघतो. तिथे मीराताईंचं बरोबर आहे.

पण त्यांचा उपाय मला मान्य नाही. बाहेरचं माणूस दिवसा मिळेल, रात्री मिळणार नाही. म्हणजे रात्री जन्मलेली आणि लांबून रेफर झालेली, सगळ्यात आजारी बाळं वगळली जातील. मग निकाल बऱ्यापैकी धडधाकट बाळांचा येईल आणि वापरला जाईल सगळ्यांवर. त्यापेक्षा गरोदरपणी नाव नोंदवायला ओपीडीत येतात तेव्हाच प्रत्येक बाईला सांगा की इथे असे अभ्यास चालतात. प्रसंग आला तर थोडक्यात बोलून सही घ्या. आणि दुसऱ्या दिवशी, आई शुद्धीवर आल्यावर, तिच्याशी पुन्हा सगळं बोला आणि नाव काढून घ्यायची खरी संधी द्या.

वकील_दादर

दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं, पण थंड करणं तर सुरू झालेलं असतं. 'नाही' म्हणायचा हक्क उशिरा दिला की निम्मा संपलेला असतो. मात्र ओपीडीची सूचना चांगली आहे. तिथे हेही सांगा की चाचणीतून इजा झाली तर उपचार फुकट मिळतात, आणि चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाईही मिळते. बहुतेक पालकांना हे ठाऊक नसतं, कारण फॉर्ममध्ये ते शेवटी शेवटी येतं.

निओ_रेसिडेंट

ओपीडीत सांगायला मी तयार आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांची नोंदणी इथली नसतेच. त्या थेट कळा सुरू झाल्यावर येतात, किंवा बाळच तेवढं रिक्षातून येतं. त्यांचं काय?

मीरा_माहीम

डॉक्टर, त्यांच्यासाठीच तर माणूस हवं म्हणतेय. माणूस म्हणजे पदवीधर समुपदेशकच पाहिजे असं नाही. वस्त्यांमधल्या आरोग्यसेविका कठीण गोष्टी घरोघरी समजावतातच की. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजाताची काळजी शिकवली, ३९ गावांची ४७ गावांशी तुलना केली आणि अर्भकं वाचतात हे दाखवून दिलं. शिकवलेली बाई न्यूमोनिया ओळखू शकते, तर रात्रपाळीत बसून 'सही केली नाहीत तरी बाळाचे उपचार थांबणार नाहीत' हे एक वाक्य आईच्या भाषेत सांगू शकणार नाही का? तिचा पगार चाचणीच्या खर्चात धरा, पण नेमणूक संशोधकाच्या हातात देऊ नका.

एसएमए_आई, 'चाचणीला उशीर झाला तरी चालेल' हे मी तुमच्या आजाराबद्दल म्हणणार नाही. पण सहा तासांच्या बाळाबद्दल अजूनही म्हणते.

समितीतल्या ताई, तुमच्या पुढच्या बैठकीत हे मांडाल का?

समितीतली_बाई

रात्रपाळीच्या बाईचं मांडते. 'ती नसेल तर बाळाला घेऊ नये' हे मांडणार नाही, कारण मला ते पटलेलं नाही. तुम्ही तुमच्या शब्दांत पत्र लिहा, मी ते जसंच्या तसं वाचायला ठेवीन.

कुर्ला_पूर्व

त्या पत्रावर माझीही सही घ्या. आणि पालिकेसोबत खासगी हॉस्पिटलांतही बाळं घ्या, हे त्यात लिहा.