मदत हवी आहे: पंधराशेत ऑफिसचे कपडे, सोमवारच्या आत

स्लो_लोकल (बुधवार, रात्री 11:40)
सोमवारी लोअर परळला जॉइनिंग आहे. मेलमध्ये 'बिझनेस फॉर्मल्स' लिहिलंय. कपाटात कॉलेजचे टी-शर्ट आणि चुलतभावाच्या लग्नातला एक कुर्ता, बास. हातात 1500 रुपये, पगार थेट पुढच्या महिनाअखेरीस. सेकंड हँड चालेल, फक्त बघणाऱ्याला कळता कामा नये. कुठे मिळेल? 'मॉलमध्ये सेल बघ' हे कृपया नको, बघून झालंय. लवकर सांगा.

जुना_गिरगावकर
फॅशन स्ट्रीट. सीएसएमटीला उतर, आझाद मैदानाच्या कडेने चालत जा. सांगतील त्याच्या निम्म्याच्याही खालून सुरुवात कर. 1994 पासून तिथूनच घेतोय.

पहाटेचा_पक्षी
काका, प्रश्न सेकंड हँडचा आहे. फॅशन स्ट्रीटवर असतो तो एक्स्पोर्ट सरप्लस किंवा रिजेक्ट, आणि हल्ली बराचसा नुसताच नकली माल. जुनं हवं तर शुक्रवारी पहाटे चोर बाजार. त्या दिवशी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ. बुटांसाठी कामाठीपुऱ्याकडची डेढ गल्ली, तीही शुक्रवारी, उजाडायच्या आत. तिथले बूट मी तीन वर्षं रेटले.

जुना_गिरगावकर
तीन वर्षं दुसऱ्याच्या बुटात पाय! आमच्या आईने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

काठपदर
अगं, बाजारात कशाला जातेस? आईच्या जुन्या साड्या काढ. साडेपाच मीटर कापड असतं, दोन कुर्ते आरामात निघतात. काठ बाहीला लाव. फक्त घडी उलगडून उजेडात धर, रेशीम आधी घडीवरच विरतं. मी मूर्खासारख्या दोन जरीच्या साड्या बोहारणीला दिल्या आणि एक स्टीलचा डबा घेतला. त्या डब्यात आता रवा असतो. झाकण काढताना दर वेळी जीव जळतो.

चहाबाज
बोहारणी दिसतात का हो अजून? आमच्या चाळीत दुपारी हाक आली की बायका झोपेतून उठून यायच्या. आता सोसायटीचा वॉचमन गेटवरच अडवतो.

काठपदर
आमच्याकडे येते एक. पण हल्ली साडीला हात लावत नाही, जीन्स मागते.

सुईदोरा
धागाकर्त्याने माप दिलेलं नाही, उंची नाही, मुलगा की मुलगी तेही नाही, आणि इथे साडी कापून झाली.

स्लो_लोकल
मुलगा आहे हो! साडीचं काय करू? 42 नंबर लागतो. शर्ट, पँट, जमलं तर ब्लेझर.

सुईदोरा
कुठला 42? शर्टावरचा 42 म्हणजे कॉलर, सेंटिमीटरमध्ये. ब्लेझरवरचा 42 म्हणजे छाती, इंचात. उंची?

स्लो_लोकल
सहा फूट दोन. त्याने काय फरक पडतो?

सुईदोरा
त्यानेच पडतो. जुन्या बाजारात तुझ्या मापाचं मिळणं नशिबावर. अंगात बसणारा एक शर्ट आणि मोजपट्टी घेऊन जा, तिथे घालून बघायला जागा नसते. खांदा आधी मोज. कंबर आत घेता येते, बाजू मारता येते, खांदा उतरवायचा तर शिंपी नव्याइतके पैसे मागेल. पँट उलटी कर आणि पायाशी आत किती माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, आहे ते बघ. दोन इंच असेल तर उंची सुटेल, पण जुन्या दुमडीची रेघ राहते. काळ्या रंगात ती कमी दिसते. काख आणि कॉलरची आतली बाजू उजेडात बघ, तिथला पिवळा डाग जात नाही. ब्लेझर असेल तर छातीवरचं कापड चिमटीत धर. आतलं कॅनव्हास सुटलेलं असेल तर इस्त्री फिरली की फुगे येतात. तसला फुकट दिला तरी नको.

पहाटेचा_पक्षी
आषाढात लोकलमध्ये ब्लेझर? परळला पोचेपर्यंत पिळून काढावा लागेल. दोन शर्ट, एक काळी पँट, संपलं. बूट घेच.

सुईदोरा
बुटांना माझा विरोध आहे. दुसऱ्याच्या चालीने झिजलेली टाच आपल्या गुडघ्याला त्रास देते.

पहाटेचा_पक्षी
माझे गुडघे ठणठणीत आहेत.

पुस्तकी_किडा
परदेशातून येणारे जुने लोकरीचे कपडे पानिपतला फाडून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. म्हणजे तसं बघितलं तर आपण सगळेच सेकंड हँड पांघरतो.

जुना_गिरगावकर
ब्लँकेट घालून लोअर परळला जाणार का तो?

टिळक_नगरी
मेलेल्या माणसांचे कपडे असतात तिथे. मी फक्त सांगतोय.

स्लो_लोकल (शुक्रवार, सकाळी 9:15)
जाऊन आलो. साडेपाचला पोचलो तर चांगला माल आधीच उचललेला. काळी पँट 180 ला, माया अडीच इंच निघाली, नाक्यावरचा शिंपी 60 मागतोय. दोन शर्ट 250 ला. खांदा बसला, बाही मनगटाच्या वर दोन बोटं. बूट बघितले, घेतले नाहीत, टाच खरंच एका बाजूला झिजलेली होती. आता प्रश्न वेगळाच. निळ्या शर्टाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. दोनदा धुतला, जात नाही. बाहेर पाऊस. सोमवारपर्यंत काय करू?

सुईदोरा
बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, तासभर बुडवून ठेव. मग घरात दोरीवर पंख्याखाली, बटणं उघडी ठेवून. वास घालवायला इस्त्री मारू नकोस, गरम कापड जास्तच घमघमतं. बाही सरळ कोपरापर्यंत दुमडून घाल, लांबीचा प्रश्न तिथेच मिटला.

काठपदर
व्हिनेगर कशाला, वेखंड ठेव. डांबराच्या गोळ्यांचा वास म्हणजे कुणीतरी निगुतीने जपलेला शर्ट आहे बाबा.

जुना_गिरगावकर
अडीच इंच माया? 180 ला? शुक्रवारी तिकडे पार्किंग मिळतं का?