रिंगरोड, उन्नत मार्ग आणि मेट्रो: नगर रस्त्यासाठी शासनाकडे नेमके काय मागावे?

प्रश्न: वाघोली_रहिवासी

सप्रेम नमस्कार. आमच्या परिसरातील काही सोसायट्या मिळून पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील वाहतुकीविषयी शासनाला सविस्तर निवेदन देणार आहेत आणि त्याचा मसुदा तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. त्याआधीपासूनच इथली वस्ती झपाट्याने वाढत होती, परंतु शहरात जाण्यासाठी मुख्य रस्ता अजूनही तोच एक आहे.

या दिशेला सध्या तीन मोठ्या प्रकल्पांची चर्चा आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाचा सुमारे १७० किलोमीटर लांब आणि ११० मीटर रुंद रिंगरोड, शिरूरकडे जाणारा उन्नत मार्ग, आणि रामवाडीपासून वाघोली–विठ्ठलवाडीपर्यंत मेट्रोचा विस्तार, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. तिन्ही प्रकल्प वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहेत. आमच्या बैठकीत काहींचे म्हणणे असे पडले की रिंगरोड झाला की प्रश्न सुटेल, आणि बाकीच्यांना मेट्रोवाचून दुसरा उपाय दिसत नाही. निवेदनात एकाच प्रकल्पाची बाजू घ्यावी की तिन्हींचा एकत्रित विचार मांडावा, आणि मांडायचा तर कोणत्या आधारावर, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: नगररचना_निवृत्त

आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रकल्पांच्या नावांतून मिळणार नाही. रस्त्यावरचे वाहन कुठून निघाले आणि कुठे चालले आहे, हे आधी पाहावे लागते. यासाठी शहराच्या हद्दीवर वाहने थांबवून चालकांना विचारणा करतात आणि त्याला उगम–गंतव्य सर्वेक्षण म्हणतात. या सर्वेक्षणातून दोन प्रकारची वाहतूक वेगळी काढता येते: शहरात काम नसताना नाइलाजाने शहरातून जाणारी, आणि शहरातच येणारी किंवा शहरातून निघणारी. रिंगरोड फक्त पहिल्या प्रकाराच्या उपयोगाचा आहे. सकाळी वाघोलीहून खराडी, विमाननगर किंवा शिवाजीनगरला कामावर निघालेल्या माणसाला रिंगरोडचा काडीचाही उपयोग नाही, कारण तो मार्ग त्याच्या वाटेवरच येत नाही. म्हणून निवेदनातील पहिली मागणी अशी असावी की नगर रस्त्यासाठी हे सर्वेक्षण ताजे करून त्याचे निष्कर्ष जाहीर करावेत आणि तिन्ही प्रकल्पांचे आराखडे त्याच एका आकडेवारीवर तपासावेत.

स्वतंत्रपणे आखलेल्या कामांची किंमत पुण्याने मोजलेली आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला, कारण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांना त्याच जागेतून जायचे होते. जुना पूल बांधताना पुढच्या मेट्रोचा विचार झाला असता तर करदात्यांच्या पैशाचा हा अपव्यय टळला असता. नगर रस्त्यावर तर बीआरटी, म्हणजे केवळ बससाठी राखीव मार्गही आधी उभारला गेला आणि नंतर त्याचा काही भाग काढून टाकण्यात आला. आता त्याच रस्त्यावर उन्नत मार्ग आणि मेट्रो दोन्ही येणार असतील, तर खांब कुठे उभे राहतील, स्थानकाचे जिने कुठे उतरतील आणि पादपथाला किती जागा उरेल, हे एकाच नकाशावर दाखवल्याशिवाय कोणतेही काम सुरू होऊ नये, असा आग्रह धरावा.

उत्तर: चाकण_मालवाहतूक

वरील प्रतिसादातील सर्वेक्षणाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु चर्चेत मालवाहतुकीला दुय्यम स्थान मिळते आहे, ते योग्य नाही. कंटेनर मेट्रोने जात नाहीत. मुंबईच्या बंदराकडून चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत येणारा माल मुख्यतः तळेगाव–चाकण–शिक्रापूर या राष्ट्रीय महामार्गावरून जातो. म्हणजे पुण्याच्या उत्तरेचा रिंगरोड आम्ही आजच वापरतो आहोत, फक्त तो गावांच्या मधून जाणारा, अरुंद आणि सतत तुंबलेला आहे. चाकणच्या चौकात अवजड वाहने, कामगारांच्या बस आणि शाळेच्या गाड्या एकाच वेळी अडकतात.

वाघोलीतून जाणाऱ्या ट्रकांचे म्हणाल तर त्यात खाणींतून निघणारी खडी आणि बांधकामाचे साहित्य यांचा वाटा आहे, शिवाय सोलापूर रस्त्यावरून थेऊर–लोणीकंदमार्गे नगर रस्त्याला येणारी वाहनेही आहेत. रिंगरोडचा पूर्व भाग यांतील लांब पल्ल्याच्या वाहनांना नक्कीच बाहेर काढील. त्यामुळे रिंगरोड निरुपयोगी आहे अशा अर्थाचे एकही वाक्य निवेदनात येऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती. उलट तो पूर्ण होईपर्यंत तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्याचे रुंदीकरण लांबवू नये, आणि रिंगरोडच्या प्रमुख जोडांजवळ ट्रक टर्मिनलसाठी जागा भूसंपादनाच्या वेळीच राखून ठेवावी, या दोन मागण्या आवर्जून घालाव्यात. चालकांना थांबायला जागा नसली की ट्रक सेवा रस्त्यावर उभे राहतात, आणि मग कितीही रुंद रस्ता पुरत नाही.

उत्तर: बसप्रवासी_हडपसर

तिन्ही प्रकल्पांत बस कुठेच नाही, याचे मला वाईट वाटते. मेट्रो वाघोलीत पोहोचायला काही वर्षे लागतील. बस मात्र वाढवायची ठरवली तर वर्षभरात वाढू शकते.

थोडा हिशेब मांडतो. केंद्र शासनाच्या नागरी वाहतूक सेवा निकषांनुसार दर लाख लोकसंख्येमागे ६० किंवा अधिक बस असतील, तर ती पहिल्या श्रेणीची सेवा मानली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे ४८.५ लाख होती, म्हणजे त्या वेळच्याच लोकसंख्येला सुमारे २,९०० बस लागत होत्या. त्यानंतर लोकसंख्या कितीतरी वाढली आहे, आणि दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलला महापालिका हद्दीबाहेरच्या गावांपर्यंतही सेवा द्यावी लागते. तरीही तिच्या ताफ्याचा आकडा दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला.

२०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणात प्रत्येक स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिसरासाठी पूरक बससेवा, पादपथ आणि सायकलमार्ग यांची योजना प्रकल्प अहवालातच असावी, असे म्हटले आहे. ही तरतूद रामवाडी–विठ्ठलवाडी विस्तारासाठी कशी पाळली जाणार, कोणत्या स्थानकाला कोणत्या गावातून किती मिनिटांनी बस मिळणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, हे लेखी मागावे. केसनंद, लोणीकंद, आव्हाळवाडी इथल्या माणसाला स्थानकापर्यंत दुचाकीच न्यावी लागणार असेल, तर तो पुढचा प्रवासही दुचाकीनेच करील.

उत्तर: नगररचना_निवृत्त

मालवाहतुकीबद्दलची सूचना रास्त आहे. रिंगरोडला माझा विरोध नाही, परंतु त्यावर प्रवेश किती ठिकाणी द्यायचा, हा प्रश्न मला त्याच्या रुंदीपेक्षा मोठा वाटतो. बंगळुरूच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली, बाहेरून जाणाऱ्या वाहनांसाठीचा तो रस्ता शहराचाच एक गर्दीचा रस्ता झाला आणि आता त्याच रस्त्यावर मेट्रो उभारावी लागत आहे. हैदराबादचा १५८ किलोमीटरचा बाह्य वर्तुळमार्ग मात्र सुरुवातीपासून प्रवेश-नियंत्रित, म्हणजे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येईल असा ठेवला गेला आणि त्याच्या आखणीतच भविष्यातील रेल्वेसाठी पट्टा राखला गेला. आपल्याकडे रिंगरोडच्या आत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) सुमारे ८३ किलोमीटर लांब आणि ६५ मीटर रुंद असा आणखी एक मार्ग नियोजित आहे. स्थानिक वाहने त्यावर आणि लांब पल्ल्याची वाहने बाहेरच्या मार्गावर, अशी विभागणी करून सार्वजनिक वाहतुकीची राखीव मार्गिका आतल्या मार्गाच्या आखणीत आजच दाखवावी. जमीन ताब्यात आल्यानंतर आणि शेजारी इमारती उभ्या राहिल्यानंतर ती मिळणार नाही.

निवेदन केवळ महापालिकेला देऊ नका. बस, मेट्रो आणि रस्ते यांचा मेळ घालण्यासाठी एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण असावे, असे केंद्रीय धोरण सांगते. आपल्या महानगर प्रदेशासाठीच्या अशा समितीला, पीएमआरडीएला, रस्ते विकास महामंडळाला आणि पुणे मेट्रोचे काम पाहणाऱ्या महामेट्रोला एकाच मजकुराची प्रत द्या, प्रत्येक प्रतीवर इतर कार्यालयांची नावे लिहा आणि पोच घ्या, म्हणजे हा विषय आमच्याकडे येत नाही असे उत्तर कोणालाही देता येणार नाही.